सांगितलेले औषध आणि झाकलेले औषध



आजच्या विषयाला मी एका शब्दापासून सुरुवात करतो. हा शब्द आपल्या सर्वांच्या घरातला आहे. तो शब्द म्हणजे मोडशी. खाल्लेले पचले नाही, पोट बिघडले, उलट्या-जुलाब सुरू झाले की आपल्याकडची म्हातारी माणसे 'मोडशी झाली' असे म्हणत. हा साधा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरून गलबतात चढला आणि थेट युरोपात जाऊन उतरला. पोर्तुगीजांनी त्याचे 'मोर्देशी' आणि 'मोर्देशिम' केले. पुढे फ्रेंचांच्या कानाला तो 'मोर द शियाँ' असा लागला, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ झाला 'कुत्र्याचे मरण'. शब्द चुकला खरा, पण अर्थ फारसा चुकला नाही. कारण ज्या रोगाला हे नाव दिले जात होते तो पटकीसारखा रोग होता. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत संपत असे.

गोव्यात १५४३ साली अशी एक जबर साथ आली. गास्पार कोरेया नावाच्या पोर्तुगीज बखरकाराने तिची हकीकत लिहून ठेवली आहे. रोज इतकी माणसे मरू लागली की प्रेतामागे चर्चची घंटा वाजवू नये असा हुकूम गव्हर्नराला काढावा लागला; घंटेच्या आवाजानेच जिवंत माणसांचा धीर सुटत होता. गव्हर्नराने एक प्रेत उघडून आत काय झाले आहे तेही पाहविले. आता त्या वेळी त्या शहरात कोण कोण औषध देत होते? गव्हर्नराबरोबर आलेले पोर्तुगीज डॉक्टर होते, आपले वैद्य होते, मुसलमान हकीम होते, आणि अर्थात मांत्रिकही होते. एकाच रोगापुढे इतक्या विद्या उभ्या राहिल्या आणि त्यांतली प्रत्येक जण थोडीफार हतबल ठरली. मला वाटते, देशी वैद्यकाचा इतिहास सांगण्यास याहून योग्य जागा दुसरी मिळणार नाही.

मी वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढे जे काय शिकलो ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. मिठबावसारख्या गावात वाढलेल्या माणसाला झाडपाल्याचे औषध हा अभ्यासाचा विषय नसतो, तो परसातला विषय असतो. परंतु कामगारांच्या आजारपणाच्या रजा, दाखले आणि औषधांची बिले यांत तीस वर्षे घालविल्यावर एक गोष्ट डोळ्यांवर येते. गरीब माणूस दोन डॉक्टरांच्या मध्ये उभा असतो. एक सरकारी दवाखान्यातला, ज्याची भाषा त्याला कळत नाही. आणि दुसरा गावातला, जो गोड बोलतो पण पुडीत काय आहे ते सांगत नाही. या दुसऱ्या माणसाने औषध का झाकले, केव्हापासून झाकले, आणि जेव्हा कोणी ते उघड केले तेव्हा काय झाले, हा माझा आजचा विषय आहे.

गोव्यातील त्या साथीच्या वेळी गार्सिया द ओर्ता नावाचा एक डॉक्टर तेथे होता. तो १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १५६८ पर्यंत, येथेच राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. ज्या मुंबईत आपल्या चार पिढ्या चाकरीला गेल्या तिचा हा एके काळचा कूळ. त्याने १५६३ साली गोव्यात एक ग्रंथ छापला. हिंदुस्थानातील औषधी व मसाले यांविषयीचे ते संवाद आहेत. रुआनो नावाचा एक कल्पित डॉक्टर युरोपातून आला आहे, तो पुस्तकी शंका काढतो आणि ओर्ता त्याला अनुभवाची उत्तरे देतो, अशी त्याची रचना आहे. त्यात एके ठिकाणी तो म्हणतो की मी स्पेनमध्ये असतो तर ग्रीक आचार्यांविरुद्ध तोंड उघडण्याची माझी छाती झाली नसती. गोव्यात मात्र ती झाली. कारण गोव्याच्या बाजारात खरी वनस्पती समोर पडलेली होती, आणि ग्रंथातले वर्णन तिच्याशी जुळत नव्हते.

या ग्रंथाच्या सतराव्या संवादात आपली मोडशी आली आहे. हिंदी लोक या रोगाला काय म्हणतात, अरब काय म्हणतात, हे सांगून तो इथल्या वैद्यांचा उपचार देतो. भाताचे पाणी, त्यात मिरी आणि जिरे, तेच रोग्याला पाजायचे. या पाण्याला तो 'कांजी' असेच म्हणतो. शिवाय पायाला डाग द्यायचा, पेटके येतात म्हणून हातपाय घट्ट बांधायचे. हा सबंध उपचार आपण आज नीट तपासून पाहिला पाहिजे. डाग देणे ही निव्वळ यातना होती. त्याने एकही माणूस वाचला नसेल. हातपाय बांधल्याने पेटक्यांना क्षणभर आराम पडला असेल एवढेच. पण ती कांजी? पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. भाताच्या पेजेतली पिष्टमय द्रव्ये आतड्यात हळूहळू फुटतात आणि त्यांच्याबरोबर मीठ व पाणी रक्तात ओढले जाते. पेजेत मीठ बेताचे घातले तर ती जवळजवळ औषधच होय. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली, शिरेतून देण्याचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत भरून लोकांना पाजण्यास सांगितले. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ते प्रमाण चारच्याही खाली आले. पुढे साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरून पाहिले, आणि पटकीत तेही उत्तम उतरले.

म्हणजे आपल्या वैद्यांच्या हातात एका मुठीत अमृत होते आणि दुसऱ्या मुठीत तापलेली सळई. आणि कोणत्या मुठीत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी तुलना केली नव्हती. शंभर रोग्यांना नुसती पेज, शंभरांना नुसता डाग, आणि मग मोजदाद, हे त्या काळी जगात कोणीच करीत नव्हते, ओर्ताही नाही. तेव्हा यात आपल्या वैद्यांना कमीपणा देण्याचे कारण नाही. ओर्ताने मात्र एक काम केले. त्याने दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या, म्हणून आज आपण त्यांचा निवाडा करू शकतो.

ओर्ताचा दुसरा विद्यालय होता अहमदनगरचा दरबार. बुऱ्हाण निजामशहा हा त्याचा रोगी आणि स्नेही. निजामशहापाशी अरबी-फारसी जाणणारे हकीम होते. औषधांची आणि रोगांची अरबी नावे शहाने ओर्ताला शिकविली आणि ओर्ताने त्याला लॅटिन नावे शिकविली. हे हकीम ज्या विद्येचे, तिला आपण युनानी म्हणतो. नाव ग्रीसचे. बुकरात म्हणजे हिपोक्रेटिस आणि जालीनूस म्हणजे गॅलन हे तिचे मूळपुरुष. बगदादेत तिचे अरबी भाषांतर झाले, त्याच सुमारास तेथे सुश्रुतही अरबीत नेला गेला. आणि अकराव्या शतकात इब्न सिनाने तिला शास्त्राची बांधणी दिली. रक्त, कफ, पित्त आणि काळे पित्त असे चार रस, त्यांचे प्रमाण म्हणजे माणसाचा मिजाज, आणि ते प्रमाण बिघडले की रोग, असा तिचा गाभा. आपल्या वातपित्तकफाशी त्याचे नाते उघड दिसते, म्हणूनच वैद्य आणि हकीम यांना एकमेकांचे बोलणे कळत असे.

हे हकीम इराण-तुराणातून आले तेव्हा त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली. पुस्तकातली औषधे येथे मिळेनात, मिळाली तर नावे कळेनात, आणि हवापाणी वेगळे. दिल्लीस सिकंदर लोदीच्या कारकिर्दीत, १५१२ साली, त्याचा वजीर मियाँ भुवा याने चरक-सुश्रुतादिकांच्या आधारे फारसीत एक मोठा वैद्यकग्रंथ सिद्ध केला, त्याचे कारण त्याने हेच दिले आहे. दख्खनमध्ये हे काम फिरिश्त्याने केले. फिरिश्ता म्हटला की आपल्याला त्याचा इतिहास आठवतो. पण अहमदनगरात वाढलेल्या आणि पुढे विजापूरच्या आश्रयाला गेलेल्या या माणसाने हिंदी वैद्यकावरही फारसीत ग्रंथ लिहिला आहे, 'दस्तूर-उल-अतिब्बा' नावाचा. वैद्याची विद्या हकिमाला कळावी म्हणून लिहिलेला ग्रंथ! आजकाल कोणती औषधपद्धती कोणत्या धर्माची यावर जे वाद ऐकू येतात ते ऐकताना मला नेहमी या पुस्तकाची आठवण होते.

आणि ग्रंथांचे सोडा, आपण आपली जीभच तपासून पाहू. तब्येत, इलाज, दवाखाना, मलम, जुलाब, जखम, सर्दी, लकवा हे सगळे शब्द अरबी-फारसी आहेत आणि त्यांतले बरेचसे हकिमाच्या तोंडचे. जुलाब मुळात गुलाबपाणी. 'मिजास' हा शब्द तर मौजेचा आहे. हकिमाच्या लेखी मिजाज म्हणजे शरीरातील रसांचे प्रमाण. मराठीत येईपर्यंत त्याचा तोरा झाला. आपल्या आजीने कधी हकीम पाहिला नसेल, पण नातवाची तब्येत बिघडली आणि इलाज केला पाहिजे असे ती म्हणते तेव्हा ती अर्धे युनानी बोलत असते.

गोव्यातल्या वैद्यांची हकीकत थोडी कडू आहे. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडून औषध घेऊ नये असे ठरविले. ठराव कागदावर राहिला. १५८३ ते ८८ या काळात गोव्यात असलेला लिन्सखोतेन नावाचा डच प्रवासी लिहितो की खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठातले पाद्री आपल्या देशी डॉक्टरांपेक्षा या वैद्यांवर अधिक विश्वास टाकतात, आणि हे वैद्य पोर्तुगीजांप्रमाणे डोक्यावर छत्री धरवून रस्त्याने जातात. छत्री हा त्या काळी मानाचा भाग होता. व्यासपीठावरून बंदी आणि मागील दाराने बोलावणे, ही रीत काही आजची नाही. पुढे १६१८ साली गोव्याच्या नगरसभेने वैद्यांना परीक्षा लावली आणि त्यांची संख्या तीसवर बांधून टाकली. ओर्ता स्वतः यहुदी वंशातला नवख्रिस्ती होता. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. त्याचे पुस्तक मात्र त्यापूर्वीच, १५६७ साली, अँटवर्पहून लॅटिनमध्ये संक्षेपाने निघाले होते. ते जाळणे आता कोणाच्या हाती नव्हते.

याच गोव्यातून पळून कोचीनला गेलेल्या सारस्वत घराण्यांतील तीन वैद्यांची कथा फार थोड्यांना ठाऊक असते. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट ही त्यांची नावे. कोचीनचा डच कारभारी व्हान र्‍हेडे याने मलबारच्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करविला, 'होर्तुस मलाबारिकुस'. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. या कामात इट्टी अच्युतन् हा इळवा जातीचा वैद्य प्रमुख होता, आणि त्याच्या जोडीला हे तिघे. त्यांनी आपल्या सहीने दिलेला दाखला पहिल्या खंडात आहे, तोही नागरी लिपीत आणि कोकणी भाषेत. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ खपून, माणसे पाठवून झाडेवेली आणवून, त्यांचे गुण आम्ही सांगितले, असा त्याचा आशय आहे. ती झाडे आणणारी माणसे कोण होती? त्यांची नावे नाहीत. मी युनियनवाला असल्यामुळे माझी नजर तेथे अडखळते, त्याला इलाज नाही.

येथवर सांगितलेल्या सगळ्या कथा औषध सांगितल्याच्या आहेत. आता झाकल्याच्या कथेकडे येतो.

आपल्या भागात कोणाही जाणत्याला विचारा, तो म्हणेल, "औषद कोणाक सांगूचा नाय, गुण जाता." शहरातली सुशिक्षित माणसे हे ऐकून हसतात आणि अंधश्रद्धा म्हणून मोकळी होतात. मला त्यात नुसती अंधश्रद्धा दिसत नाही. गिरणीतला जुना कारागीर मागाची विशिष्ट खोड कशी दूर करायची हे मुकादमाला सांगत नसे, माहीत आहे? कारण सांगितले की तेच काम दुसऱ्या स्वस्त माणसाकडून करून घेतील आणि आपण दारात. कसब हीच त्याची मालमत्ता. तिला ना सातबारा ना खत. वैद्याचेही तेच. एका मुळीवर जर घरातली सहा माणसे जगत असतील तर ती मुळी तो चव्हाट्यावर कशाला मांडील? 'गुण जातो' हे खरेच आहे, फक्त तो रोग्याचा नव्हे, वैद्याच्या चुलीचा जातो. परंतु याचा परिणाम काय झाला? जे औषध सांगितले नाही ते तपासले गेले नाही. जे तपासले नाही त्यातले खरे-खोटे वेगळे झाले नाही. आणि वैद्य मुलगा न होता वारला तर खऱ्याबरोबर खोटेही चितेवर गेले.

हे फक्त अडाणी माणसाचे झाले असेही नाही. पेडणे महालातील मांद्रे गाव आपल्याला परके नाही; तेरेखोलची खाडी ओलांडली की आलेच. तेथले डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी, १८५१ सालचे. संस्कृतचे पंडित, शिलालेखांचे संशोधक, गरिबांना फुकट औषध देणारे. जुन्या वैद्यकग्रंथांचा धांडोळा घेऊन त्यांनी कुष्ठरोगावर एका तेलाचा उपचार सुरू केला. ते तेल कडू कवठाच्या बियांचे. हे झाड आपल्या कोकणच्या ओढ्याकाठी आहे. कोणी त्याला खष्टही म्हणतो. त्याच्या बंगालकडील भाऊबंदाचे, चौलमुग्याचे, तेल कलकत्त्याच्या डॉ. मौअट यांनी १८५४ साली पाश्चात्त्य डॉक्टरांपुढे मांडले होते. भाऊंकडे दूरदूरचे रोगी येऊ लागले, काहींना उतारही पडू लागला. पण पूर्ण खात्री झाल्याखेरीज औषध जाहीर करायचे नाही असा त्यांचा बाणा होता. बाणा शास्त्रज्ञाचा होता, लोभ्याचा नव्हे. १८७४ साली ते वारले आणि तोवर त्यांनी उपचार प्रसिद्ध केला नव्हता. त्याच काळी, त्याच मुंबईत, हेन्री कार्टर हा इंग्रज डॉक्टर कुष्ठाचाच अभ्यास करून ग्रंथ लिहीत होता. दोघांच्या वह्या एका टेबलावर आल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो.

त्या तेलाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पोटात घेतले तर मळमळ, टोचून घेतले तर गळू. १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटावर ॲलिस बॉल नावाच्या एका तरुण कृष्णवर्णी रसायनज्ञ मुलीने त्याचे टोचण्याजोगे रूप तयार केले, आणि पुढली पंचवीस-तीस वर्षे जगभर कुष्ठरोग्याला आशेचे औषध होते ते तेच. चाळिसाच्या दशकात डॅप्सोन आले आणि तेलाचा जमाना संपला. आज कुष्ठरोग तीन गोळ्यांच्या मिश्र उपचाराने बरा होतो. तेव्हा कडू कवठाचे तेल लावून घरी बसू नका. पण पाऊणशे वर्षे ज्याने दार किलकिले ठेवले ते आपल्या ओढ्याकाठचे बी होते, हे मात्र विसरू नका.

भाऊ दाजींच्या मागून मुंबईत औषधे लिहून काढणारी मंडळी झाली. डॉ. सखाराम अर्जुन राऊत, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, यांनी मुंबईच्या बाजारातील औषधांची यादी छापली. सरकारी औषधभांडाराचे डॉ. डायमॉक यांच्या ग्रंथात तर पानोपानी कोकणात अमक्या पाल्याचा रस अमक्यावर देतात, असे उल्लेख आहेत. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली निघाला. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचे 'आर्यभिषक्' घरोघरी गेले. याच पदेशास्त्र्यांनी १९०७ साली नाशिकला वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन उभे केले. संघटनेचा माणूस म्हणून मला त्यांचे विशेष कौतुक वाटते. विखुरलेल्या, एकमेकांचा मत्सर करणाऱ्या कारागिरांना एका मांडवाखाली आणणे काय असते ते मी जाणतो.

मध्यंतरी प्लेग येऊन गेला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. लगेच घरझडत्या, रोग्याला ओढून इस्पितळात नेणे, सामान जाळणे हे सुरू झाले. ऑक्टोबरात आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या अंगाची 'मोमियाई' काढतात, अशी अफवा गावभर होती. ही मोमियाई म्हणजे काय? हकिमाच्या औषधांतले मोमिया. म्हणजे कामगाराला विलायती वैद्यकाची जी भीती वाटली ती त्याने युनानी शब्दातून बोलून दाखविली. तो जमाव चुकला होता काय? इस्पितळ फोडण्यात चुकलाच. पण नवरा-बायकोची ताटातूट करून, न विचारता, न समजावता नेणाऱ्यावर विश्वास कोण ठेवील? देशी वैद्याजवळ प्लेगवर औषध नव्हते, आणि त्या वेळी डॉक्टराजवळही नव्हते. वैद्याजवळ फक्त रोग्याच्या उशाशी बसण्याची रीत होती. खरा उपाय आला तो हाफकिनच्या लशीने, आणि ती त्याने १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली होती.

पुढे कायद्याचे पर्व आले, ते थोडक्यात आटोपतो. १९१२ च्या मुंबई कायद्याने फक्त पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांची नोंदणी केली. आयुर्वेदाच्या विद्यालयाशी संबंध ठेवला म्हणून एका पदवीधर डॉक्टराला आपली नोंदणी गमवावी लागली. वैद्य-हकिमांची नोंद करणारा कायदा मुंबई इलाख्यात १९३८ साली झाला. १९५४ साली, मधुमेहापासून कर्करोगापर्यंत ठराविक रोग हमखास बरे करण्याच्या जाहिराती देण्यास देशभर मनाई झाली. तो कायदा आजही आहे. भिंतीही आजही रंगलेल्या आहेत.

या सगळ्यात हकीम अजमल खान यांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. दिल्लीचे खानदानी हकीम, १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी दिल्लीत आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही विद्या एका छपराखाली शिकविणारे तिब्बिया कॉलेज उभारले. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. त्या भाषणात गांधीजींनी वैद्य-हकिमांची स्तुतिस्तोत्रे गायिली नाहीत. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांची संशोधनाची तळमळ आपल्या वैद्य-हकिमांत दिसत नाही, असे त्यांनी यजमानाच्याच मांडवात सांगितले. हकीमसाहेबांनी ते मनावर घेतले म्हणा, वा आधीच मनात होते म्हणा. त्यांनी सलीमुज्जमान सिद्दिकी या जर्मनीत शिकलेल्या रसायनज्ञाला संस्थेत बोलावले आणि देशी औषधे पृथक्करणासाठी त्याच्या हवाली केली. त्यांत होती सर्पगंधा. सिद्दिकींनी १९३१ साली तिच्या मुळातून काढलेल्या द्रव्याला आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले, अजमलीन. हकीम त्या वेळी हयात नव्हते. हे द्रव्य हृदयाच्या ठोक्यांच्या लयीतील दोष तपासण्यास आजही वापरतात.

आणि याच मुळीचा पुढला अध्याय आपल्या परळला घडला. के. ई. एम. इस्पितळात, ज्याच्या पायऱ्यांवर निम्मे कोकण बसून आले आहे, डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना सर्पगंधा देऊन, दाब मोजून, आकडे मांडून आपला निष्कर्ष १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. त्यापूर्वी जगात रक्तदाबावर म्हणण्यासारखे औषधच नव्हते. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेझरपीन वेगळे काढले गेले आणि ती मुळी जगाच्या बाजारात गेली. मग दोन गोष्टी झाल्या. मोठ्या मात्रेने काही रोग्यांना मनाचे औदासीन्य येते हे कळले, कारण आता कोणीतरी मोजत होते. आणि जंगलातली मुळी ओरबाडली जाऊ लागली, कारण आता कोणीतरी विकत घेत होते. उघड केल्याचे हे दोन्ही परिणाम होत, आणि दुसऱ्याची भीती वाटणारा वैद्य अगदीच वेडा नव्हता.

परंतु झाकून ठेवल्याने मुळी वाचते, हा समज खोटा आहे. १९९५ साली हळदीने जखम भरण्याचा उपाय आपला नवा शोध आहे असे म्हणून अमेरिकेत एका विद्यापीठाने एकस्वाचा हक्क मिळविला होता. आपल्या देशाच्या वतीने शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली तो हक्क रद्द झाला. पुरावा काय दिला? तुमच्या-माझ्या आजीची साक्ष तेथे चालली नाही. चालले ते लिखित. जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात छापलेला एक लेख. कोणीतरी कधीतरी लिहून ठेवले होते म्हणून हळद आपली राहिली.

आता आजचे बोलू. माझ्याकडे येणाऱ्या कामगारांत दम्याची, संधिवाताची पुडी खाणारे पुष्कळ असतात. पहिल्या दिवशी जादूसारखा उतार पडतो, सहा महिन्यांनी तोंड सुजते, साखर वाढते. अशा एकाची पुडी आम्ही तपासण्यास पाठविली तेव्हा तीत विलायती स्टेरॉईड निघाले. देणारा माणूस विलायती औषधांना दिवसरात्र शिव्या देत असे. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून आपल्याकडची ७० आयुर्वेदिक औषधे घेऊन तपासली, त्यांतील १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल सापडला. या दोन्ही रोगांचे कारण एकच, पुडीवर आत काय आहे ते लिहिलेले नसते, किंवा खरे लिहिलेले नसते. पगाराच्या पावतीवर कपातीचा प्रत्येक रुपया छापून घेण्यासाठी आम्ही भांडतो. पोटात जाणाऱ्या पुडीसाठी कोण भांडणार?

सिंधुदुर्गात याचे दुसरे टोक काविळीत दिसते. काविळीचे औषध देणारे घर बहुतेक गावांत असते आणि त्याला यशही असते. कारण दूषित पाण्याने होणारी साधी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते. पाला दिला तरी उतरते, न दिला तरी उतरते. वैद्याने पथ्य सांगितले, विश्रांती घ्यावयास लावली, यकृताला त्रास देणारे काही दिले नाही, तर त्याने रोग्याचे भलेच केले. पण आपल्याकडे पावसाळ्यात भातखाचरातल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदराच्या मुताने दूषित झालेले पाणी पायाच्या भेगांतून अंगात शिरते. त्यातही डोळे पिवळे होतात. पण हा रोग थांबत नाही. मूत्रपिंडे निकामी करतो, फुप्फुसांत रक्त उतरवतो. वेळेवर साध्या प्रतिजैविकाने माणूस वाचतो, आठवडा पाल्यावर काढला तर हातचा जातो. आणि मरतो तो लावणीला उतरलेला कर्ता माणूस किंवा बाई.

किनाऱ्यावरच्या एका गावी काविळीचे औषध देणारी एक वृद्धा आहे. तिच्या सासऱ्यापासून हे औषध घरात आहे. ते कोणते, हे ती अजून कोणाला सांगत नाही, आणि मीही विचारले नाही. परंतु दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी आरोग्य केंद्राची परिचारिका तिच्या ओटीवर जाऊन बसली, चहा प्याली, आणि दोघींचे काहीतरी ठरले. तेव्हापासून आजी औषध देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारते. ताप कडक येऊन गेला काय? पोटऱ्या ठणकतात काय? लघवी कमी झाली काय? तिन्हीतल्या एकाचे जरी उत्तर 'होय' आले तर ती पाला परत फडताळात ठेवते, आणि रोग्याच्या मुलाला सांगते, "आधी हेका दवाखान्यात घेवन जा, माझा औषद खंय पळान जाता?"